काटा, नॉब आणि पाऊण टाकी

शाळेच्या सुट्टीत आम्ही मलाक्काला निघालो होतो. वुडलँड्सच्या चेकपॉइंटवर नेहमीप्रमाणे गाड्यांची लांबच लांब रांग. डिकीत दोन दिवसांचे कपडे आणि चार दिवस पुरेल एवढा खाऊ (मराठी माणूस प्रवासाला निघाला की हे प्रमाण ठरलेलंच!). घरून निघाल्यावर पहिलं काम केलं होतं ते पेट्रोल पंपावर जाऊन टाकी भरून घ्यायचं. रांगेत बसून कंटाळलेल्या धाकट्या लेकीने मागून विचारलं, "बाबा, तिकडे पेट्रोल स्वस्त आहे ना? मग आपण इथलं महाग पेट्रोल भरून का जातो?"

"तसा नियम आहे. काटा पाऊण टाकीच्या खाली असेल तर पुढे जाऊ देत नाहीत."

"पण गाडी आपली, टाकी आपली. त्यात किती पेट्रोल आहे ते सरकारने का बघायचं?"

प्रश्न रास्त होता. रांगही लांब होती. मग तिला जे सांगितलं, आणि सांगता सांगता मला स्वतःला जे आठवत गेलं, तेच आज मंडळाच्या अंकासाठी लिहून काढतो आहे.

सिंगापूर आणि जोहोर यांना जोडणारा कॉजवे १९२४ साली रीतसर खुला झाला. तेव्हा दोन्ही बाजूंना इंग्रजांचाच वरचष्मा होता. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं आणि जेमतेम एक किलोमीटरच्या या रस्त्याच्या दोन टोकांना दोन देश आले. दोन देश म्हणजे दोन चलनं, दोन करपद्धती आणि पेट्रोलचे दोन भाव! सिंगापूरने पेट्रोलवर मुद्दाम भारी कर ठेवला. छोट्याशा बेटावर गाड्या मर्यादित राहाव्यात हा त्यामागचा एक हेतू. मलेशिया स्वतः तेल काढणारा देश, आणि तिथे पेट्रोलला सरकारी सवलत. परिणाम व्हायचा तोच झाला. इथल्या गाड्या टाकी रिकामी करून पलीकडे जायच्या आणि भरून परत यायच्या.

म्हणून १९८९ मध्ये सिंगापूर सरकारने 'अर्धी टाकी' नियम आणला. इथे नोंदलेली गाडी सीमा ओलांडताना तिची टाकी निदान अर्धी भरलेली असली पाहिजे. पण लोकांचा हिशेब पक्का! अर्धी टाकी स्वस्तात भरून मिळाली तरी फेरी परवडतच होती. तेव्हा दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, अर्ध्याचं पाऊण झालं. तोच नियम आजही चालू आहे, आणि तो मोडला तर ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. काही महाभागांनी यावरही तोड काढली. टाकी भरण्याऐवजी काट्याचीच अशी काही 'दुरुस्ती' करून घेतली की टाकीत काही असो, काटा आपला भरल्या पोटी डुलतो आहे! साहजिकच काट्याशी छेडछाड करणं हाही गुन्हा ठरला. पुढे मलेशियाने आपल्या बाजूने पाऊल उचललं. १ ऑगस्ट २०१० पासून परदेशी नोंदणीच्या गाड्यांना तिथलं सवलतीचं आरओएन ९५ पेट्रोल विकायला बंदी झाली. म्हणजे एका बाजूला टाकीवर नजर, तर दुसऱ्या बाजूला पंपाच्या नळीवर.

गंमत अशी की तेलाच्या जागतिक व्यापारात सिंगापूरचं नाव फार जुनं आहे. १८९२ साली 'म्युरेक्स' नावाचं तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून रॉकेल घेऊन पूर्वेकडे आलं, ते इथल्या पुलाऊ बुकोम या बेटावरच्या टाक्यांसाठी. पुढे १९६१ मध्ये त्याच बेटावर शेलने सिंगापूरमधला पहिला तेलशुद्धीकरण कारखाना सुरू केला. (२०२५ मध्ये त्याची मालकी बदलली.) जमिनीतून तेलाचा थेंबही न निघणाऱ्या या गावाने तेलावर मोठा व्यवसाय उभा केला, आणि आपल्या नागरिकाच्या टाकीतल्या तेलाचाही हिशेब ठेवला.

लेकीला एवढं सांगून मी थांबलो. पण डॅशबोर्डवरच्या त्या काट्याकडे बघताना मला आठवत होती ती आमची पुण्यातली स्कूटर. कारण आमच्या घरातल्या पहिल्या वाहनाला काटाच नव्हता.

ती होती बजाज चेतक. माझ्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, पण मुलांसाठी सांगतो. बजाजने १९४८ पासून इटलीच्या व्हेस्पा स्कूटर भारतात आणून विकल्या. पुढे पियाजियो कंपनीशी करार करून त्या इथेच बनवायला घेतल्या. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून स्वतःच्या नावाची 'चेतक' बाहेर पडली. राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव! नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. परदेशातल्या कुणा नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची, त्यामुळे 'आमचा भाऊ अमेरिकेत असतो' या वाक्याला तेव्हा भलताच भाव होता. आमचा कुणीच परदेशात नव्हता. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, सरळ मार्गाने वाट पाहिली आणि गाडी दारात आली तेव्हा तिला हार घालून पेढे वाटले.

तर या गाडीत पेट्रोल किती आहे ते कळायचं कसं? सीटखाली एक छोटा नॉब असायचा. त्याच्या तीन जागा: बंद, चालू आणि रिझर्व्ह. गाडी चालता चालता आचके देऊ लागली की समजायचं, 'रिझर्व्हला लागली'. नॉब फिरवायचा आणि जवळच्या पंपाची वाट धरायची. मोटरसायकलींचंही तेच. बुलेट घ्या, राजदूत घ्या, येझदी घ्या, टाकीच्या खाली तसाच नॉब. बहुतेक मोटरसायकलींत तो डाव्या बाजूला असायचा, कारण उजवा हात अॅक्सिलरेटरवर. सराईत माणूस गाडी न थांबवता, रस्त्यावरची नजर न हलवता, डाव्या हाताने तो फिरवायचा.

रिझर्व्ह म्हणजे वेगळी छोटी टाकी असते, असा माझा लहानपणी समज होता. पुष्कळांचा आजही असेल. तसं काही नसतं. टाकी एकच. तिच्या तळाशी बसवलेल्या नळाला पेट्रोल आत घ्यायला दोन तोंडं असतात. एक तोंड उभ्या नळीच्या टोकाला, तळापासून थोडं उंचावर. दुसरं अगदी तळाशी. नॉब 'चालू'वर असला की पेट्रोल वरच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा थांबतो आणि इंजिन आचके देतं. नॉब 'रिझर्व्ह'वर केला की तळाचं तोंड उघडतं आणि उरलेलं लिटरभर पेट्रोल वापरता येतं. ना काटा, ना दिवा, ना वायर. एक नळी थोडी उंच ठेवली, एवढीच युक्ती. पण तिने जगभरच्या दुचाकीस्वारांची कित्येक दशकं सोय केली.

काटा का नव्हता, यालाही कारणं होती. काट्यासाठी टाकीत एक तरंगता फ्लोट लागतो. तो पातळीबरोबर वर-खाली होतो, त्याच्या दांडीमुळे विजेचा अडथळा कमी-जास्त होतो आणि त्यानुसार काटा हलतो. चारचाकीत हे ठीक आहे. मोटरसायकलची टाकी मात्र गाडीच्या मधल्या नळीवर खोगिरासारखी बसवलेली, वर फुगीर आणि खाली दोन बाजूंना विभागलेली. वळणावर गाडी कलली की पेट्रोल एका अंगाला, खड्ड्यात आपटली की फ्लोट हेलकावे खाणार. शिवाय अशा वेड्यावाकड्या आकारात काटा सारख्या गतीने उतरत नाही. बराच वेळ 'फुल्ल'जवळ रेंगाळतो आणि मग भराभर खाली येतो. त्यात काट्याचा खर्च वेगळा. त्यापेक्षा नळाला दोन तोंडं देणं सोपं आणि स्वस्त.

बाकी उपाय माणसाने आपल्या अकलेने करायचे. गाडी जागच्या जागी हलवून आतल्या पेट्रोलचा डुबुकडुबुक आवाज ऐकायचा. झाकण उघडून डोकवायचं. गाडी अगदीच कोरडी पडली तर ती एका अंगाला चांगली आडवी करायची, म्हणजे कोपऱ्यात राहिलेला घोटभर नळापर्यंत पोचतो. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे किलोमीटरची नोंद. अण्णांची एक छोटी डायरी स्कूटरच्या डिकीत असायची. तारीख, मीटरचा आकडा, किती लिटर भरलं, किती रुपये झाले, आणि शेवटच्या रकान्यात 'अॅव्हरेज'. हा शब्द आपणच घडवला. 'गाडी अॅव्हरेज किती देते?' या प्रश्नावर अनोळखी माणसांच्या ओळखी झालेल्या मी पाहिल्या आहेत. अण्णांच्या चेतकचं उत्तर असायचं, चाळीस-बेचाळीस. ते अडतिसावर आलं की कार्ब्युरेटर साफ करायला मेकॅनिककडे.

हा हिशेब कंजूषपणाचा नव्हता. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव साधारण चौपट झाला. भारतात पेट्रोल इतकं कडाडलं की अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. त्या वर्षांत ज्यांनी संसार मांडला त्यांच्या हाडीमाशी लिटरचा हिशेब भिनला. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली, लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा घेऊन. भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात. चेतकवाल्यांना ते ऐकूनच कसंतरी व्हायचं. पेट्रोल भरून विसरून जायचं? ही काय विसरायची गोष्ट आहे?

आणि तरीही मी विसरलो होतो. ती गोष्ट सांगायलाच हवी.

साल १९८७, पावसाळा. मी नुकताच स्कूटर शिकलो होतो आणि संध्याकाळी मित्राकडे जायला अण्णांकडून गाडी मागून घ्यायचो. त्या दिवशी वाटेत गाडी रिझर्व्हला लागली. मी नॉब फिरवला, पंपावर जाऊन खिशात होते तेवढ्या पैशांचं लिटरभर पेट्रोल आणि त्यात मापाचं ऑइल घातलं, आणि पुढे दोन दिवस गाडी फिरवली. नॉब परत 'चालू'वर करायचा राहून गेला. नॉब रिझर्व्हवरच राहिला तर गाडी तळाच्या तोंडातून पेट्रोल घेत राहते. इशारा देणारा तो आचका येतच नाही. टाकी शेवटच्या थेंबापर्यंत संपते आणि मग फिरवायला काही उरत नाही.

तिसऱ्या रात्री आजीला दम्याचा जोराचा झटका आला. घरी फोन नव्हता. अण्णा डॉक्टरांना आणायला पावसात स्कूटर काढून निघाले. अर्ध्या वाटेत गाडी थांबली. त्यांनी सवयीने नॉबला हात घातला तर तो आधीच रिझर्व्हवर. गाडी आडवी करून पाहिली, काही नाही. रात्री साडेबाराला, पावसात ते स्कूटर ढकलत निघाले. कारखान्याच्या पाळीवरून घरी जाणारा एक राजदूतवाला थांबला. त्याने आपल्या टाकीतून नळी लावून बाटलीभर पेट्रोल काढून दिलं. राजदूतही टू-स्ट्रोक, त्यामुळे ऑइल मिसळलेलंच पेट्रोल, चेतकला चालण्यासारखं. पैसे घेतले नाहीत. नावही सांगितलं नाही. डॉक्टर घरी पोचले तेव्हा नेहमीपेक्षा पाऊण तास जास्त गेला होता. त्या पाऊण तासात आजीच्या उशाशी मी बसलो होतो. तिच्या श्वासाचा तो आवाज मला आजही ऐकू येतो.

आजी त्यातून वाचली, पुढे दोन वर्षं होती. अण्णा मला रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला खाली घेऊन गेले, सीटखालचा नॉब दाखवला आणि म्हणाले, "रिझर्व्ह वापरायला हरकत नाही. ते त्यासाठीच असतं. पण टाकी भरली की नॉब परत फिरवायचा असतो." बस्स, एवढंच. त्या दिवसापासून डायरीत नोंद करायचं काम माझ्याकडे आलं.

पुढे काळ बदलला. मोटरसायकलींवर काटे दिसू लागले, मग आकड्यांचे पडदे आले. नॉब मात्र बरीच वर्षं काट्याच्या जोडीने टिकून राहिला. त्याचा खरा अंत केला तो इंधनाच्या इंजेक्शनने. या पद्धतीत टाकीतच विजेचा पंप असतो आणि तो दाबाने पेट्रोल इंजिनाकडे पाठवतो, त्यामुळे नळाची आणि त्याच्या दोन तोंडांची गरजच उरत नाही. पातळी खाली गेली की दिवा लागतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकी जवळजवळ सगळ्या या पद्धतीवर गेल्या. 'रिझर्व्हला लागली' हा वाक्प्रचार आता गाडीपेक्षा महिनाअखेरच्या खिशासाठीच जास्त वापरला जातो!

सिंगापूरमध्येही ही पिढी निरोप घेते आहे. रोज पहाटे जोहोरहून कॉजवे ओलांडून कामाला येणारे हजारो मोटरसायकलवाले आपण पाहतो. त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे छोट्या 'कापचाय' असतात, म्हणजे होंडाच्या कब घराण्यातल्या हलक्या गाड्या. इथल्या जुन्या मोटरसायकलींना मात्र सरकारने मुदत दिली आहे. १ जुलै २००३ पूर्वी नोंदलेल्या मोटरसायकली ३० जून २०२८ नंतर सिंगापूरच्या रस्त्यांवर चालवता येणार नाहीत. त्यांच्याबरोबर कितीतरी नॉब भंगारात जातील. हवा स्वच्छ होईल, हे चांगलंच आहे. नॉबसाठी गळा काढायचं कारण नाही.

मागच्या वर्षी पुण्याला गेलो तेव्हा शेजारच्या मुलाने नवी इलेक्ट्रिक चेतक घेतली होती. तेच नाव, पण ना पेट्रोल, ना ऑइल. अण्णा आता पंच्याऐंशीचे आहेत. काठी टेकत खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याला रिझर्व्ह कुठे?" मुलाने पडदा दाखवला, "आजोबा, इथे टक्के दिसतात." अण्णा म्हणाले, "हे बरं आहे. पण बघायची आठवण कोण ठेवणार?"

मुलगा हसला. मीही हसलो. पण मला ते जिने उतरतानाचे अण्णा दिसले होते. दोन मजल्यांत तीनदा थांबले. आणि फोनवर? आपण परदेशात राहणारे सगळेच दर रविवारी आईवडिलांना फोन करतो. "कसे आहात?" "अगदी उत्तम! इकडची काळजी करू नकोस." त्यांचा काटा नेहमी फुल्ल. पण मोटरसायकलच्या त्या वेड्यावाकड्या टाकीसारखंच आहे हे. काटा बराच वेळ 'फुल्ल'जवळ रेंगाळतो आणि मग भराभर उतरतो. आपल्याला कळतं तेव्हा ते कधीचे रिझर्व्हवर चालत असतात, आणि आपण चार हजार किलोमीटर दूर.

म्हणून मी आता काट्यावर विसंबत नाही. डायरीची जुनी पद्धत सुरू केली आहे. "कसे आहात?" विचारण्याऐवजी विचारतो, "आज बागेपर्यंत गेलात का? वाटेत कितीदा बसलात? रात्री कितीदा उठलात?" पहिल्या दोन-तीन फोनला अण्णा वैतागले. मग एकदा त्यांच्या लक्षात आलं.

"अॅव्हरेज काढतो आहेस का माझं?" म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नव्हता. मग म्हणाले, "लिहून घे. आज कोपऱ्यापर्यंतच गेलो. दोनदा बसलो."